नंदी ट्रकने जातो
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी दोरीने ओढत न्यायचा असतो, हे नागपुरात वाढलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. पायांखाली चार चाके, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगुरमाळ आणि दोरीच्या टोकाला नव्या कपड्यांतला मालक, एवढा सरंजाम आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांना पुरला. यंदा मात्र सहावीतल्या आमच्या चिरंजीवांनी जाहीर केले की नंदी ट्रकने जाईल. आणि हा ट्रक विकतचा नसेल, तर ठोकळे जोडून केलेला, मोटरवर चालणारा आणि आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमधून मांडवाकडे जाणारा चढ स्वतःच्या बळावर चढणारा असेल. बापाच्या मदतीशिवाय, असेही ते म्हणाले होते. हे कलम पहिल्याच संध्याकाळी रद्द झाले.

लेगोच्या 1958 सालच्या ठोकळ्याला आजचा ठोकळा घट्ट बसतो, त्यामुळे पुतणीचा जुना डबा आणि नवी मोटर यांचे गोत्र जुळायला काहीच अडचण आली नाही. मोटरच्या दांड्यावर 8 दात्यांचे चक्र आणि मागच्या आसावर 24 दात्यांचे चक्र बसवले, म्हणजे वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि घर्षणात जाईल तेवढे सोडून जोर तिप्पट होतो. इथपर्यंत मी स्वतःला इंजिनिअर समजत होतो. त्यानंतर सेलचा डबा कुठे ठेवायचा, हा प्रश्न आला.

चिरंजीवांनी तो ट्रकच्या पाठीवर सिंहासनासारखा उंच उभा केला आणि त्यावर आजोबांच्या काळचा सागवानी नंदी विराजमान केला. ट्रक दिवाणखान्यात सरळ चालला, सोफ्यापाशी वळला आणि नंदीसकट आडवा झाला. आईने देवघरातून ‘अरे, शिंग मोडलं ना!’ असा टाहो फोडला. शिंग मोडले नव्हते, बेगड निघाली होती. वजन जितके उंच तितका गाडीचा तोल वळणावर लवकर जातो, हे मी पदवी घेऊन विसरलो होतो.

मग डबा खाली आणून अगदी शेपटाशी बसवला. चढाची तालीम चार जाड पुस्तकांवर टेकवलेल्या जेवणाच्या पाटावर चालू होती. चढावर वजन आपोआप मागे सरकते, आणि आम्ही तर ते आधीच मागे नेऊन ठेवले होते. त्यामुळे ट्रकने पुढची दोन्ही चाके उचलली आणि तो नाचऱ्या घोड्यासारखा उभा राहिला. वळण्याचे काम त्याच दोन चाकांकडे असल्याने तो आता कोणत्याही दिशेला जायला मोकळा होता. डबा केबिनमध्ये नेला, तेव्हा नाक जमिनीवर राहिले, पण मागच्या चाकांवर भारच उरला नाही आणि ती पाटावर जागच्या जागी गरगरू लागली.

मला वाटले, ट्रक जड होतो आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पेन्सिल सेल तोलले: अल्कलाइनचा एक सुमारे 23 ग्रॅम, म्हणजे सहांचे 140 ग्रॅमच्या आसपास. लिथियमचा सेल जेमतेम 15 ग्रॅम भरतो, म्हणून ते महागडे सहा मागवले आणि पन्नासेक ग्रॅम वाचवल्याच्या आनंदात डबा पुन्हा मागे नेला. चाके तरीही गरगरत राहिली. चाकाची पकड त्याच्यावरच्या भाराने येते, आणि आमच्या ट्रकमधला सर्वांत उपयोगी भार म्हणजे सेलच होते. तोच मी पैसे मोजून कमी केला होता.

दरम्यान सौभाग्यवतींनी विचारले, ‘अहो, भिंतीवरचं घड्याळ अडीचला का थांबलं?’ घड्याळाचा सेल अर्थातच ट्रकमध्ये होता. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, कमजोर सेल आधी संपतो आणि मग बाकीचे त्याला उलटा दाब देऊन पाझरायला लावतात, हे ज्ञान मला डब्यातला पांढरा चिकट थर पुसताना झाले.

सीताबर्डीवरच्या दुकानदाराने सगळी कथा ऐकून घेतली. ‘भाऊ, तुम्ही ताकद शोधून राहिले, हे घ्या,’ म्हणत त्याने पेन्सिल सेलच्याच आकाराचे पण 3.7 व्होल्टचे सेल पुढे केले. असे सहा एका ओळीत जोडले की 22 व्होल्ट होतात आणि आमची मोटर 9 व्होल्टची! मारबत, म्हणजे इडापीडेचा पुतळा, जाळतात तो गावाबाहेर, दिवाणखान्यात नव्हे. मी निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सहा सेल आणि चार्जर घेऊन परतलो. त्यांचे 1.2 व्होल्टप्रमाणे सहांचे जेमतेम 7.2 होतात, त्यामुळे ट्रक हळू चालतो. पण मोटरने चढावर जास्त प्रवाह मागितला की अल्कलाइनचे व्होल्टेज जसे खचते, तसे यांचे फारसे खचत नाही. शिवाय प्रत्येकी 27 ग्रॅम भरत असल्याने पकडीलाही मदत. संथ चालणे हा बैलाच्या बाबतीत दोष मानण्याची रीत नाही.

डबा शेवटी तळाशी, मागच्या आसाच्या किंचित पुढे, आडवा बसला, आणि नंदीचे खूर दोन आसांच्या मधोमध आले. पोळ्याच्या रात्री सहाही सेल चार्जरवर लावले, तेव्हा आईने, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला बैलाला देतात तसे, त्यांना ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणून आवतन दिले. तिला हा सगळा प्रकार कळला होता असे वाटत नाही, पण सेल भुकेले आहेत एवढे तिने ओळखले होते.

दुसऱ्या दिवशी ट्रक चढला. पाऊस पडून गेल्याने फरशी ओली होती, मध्यावर एक चाक क्षणभर सरकले, मी श्वास रोखला, आणि घुंगुरमाळ वाजवत नंदी इतक्या संथपणे मांडवात दाखल झाला, की पाहणाऱ्या मुलांपैकी दोघे मध्येच शेवचिवडा खाऊन आले. परीक्षक असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा सावरून नंदीला निरखले, शिंगांवरची बेगड चाचपली आणि कळवळून विचारले, ‘सजवला तं छान, पण ट्रकवर कायले? पाय मोडला काय याचा?’

उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, तेही बेगडीला. परत जाताना नंदी दोरीला लागून आपल्या पायांनी निघाला आणि ट्रक माझ्या काखेत होता. घरोघरी हिंडून चिरंजीवांनी 110 रुपये बोजारा, म्हणजे नंदीवाल्या मुलांना मिळणारी ओवाळणी, जमवला. सेल आणि चार्जर यांना किती पडले, ते त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.