लंडनच्या बातमीत 'आरोपपत्र' नको

इंग्रजी बातम्या मराठीत आणण्याबद्दलच्या एका लेखात सल्ला आहे की 'चार्ज्ड'साठी सरसकट 'आरोपपत्र दाखल' लिहा. तो ब्रिटनच्या बातम्यांत फसतो. इंग्लंड-वेल्समध्ये ताब्यात घेतलेल्याला पोलिसांना एरवी २४ तासांत चार्ज करावं (म्हणजे त्याच्यावर रीतसर आरोप ठेवावा) लागतं नाहीतर सोडावं लागतं. गंभीर गुन्ह्यात कोर्टाच्या परवानगीने ही मुदत ९६ तासांपर्यंत वाढते (दहशतवादाचं वेगळं). तपास तेव्हा बहुधा चालूच असतो. आपलं आरोपपत्र तपासाअंती येतं. आरोपी कोठडीत असेल तर ६० किंवा ९० दिवसांत, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. आरोपनिश्चिती, म्हणजे खटला कोणत्या आरोपांवर चालणार ते ठरवणं, त्याच्याही पुढे, आणि ती कोर्टाची. म्हणून तिकडच्या बातमीत साधं 'आरोप ठेवला' लिहावं.

आणि 'चार्जेस ड्रॉप्ड' म्हणजे आरोप मागे घेतले. त्याची 'निर्दोष मुक्तता' कशी होते, बातमी लिहिणाऱ्या डेस्कलाच ठाऊक! बहुतेकदा खटलाच उभा राहिलेला नसतो.