विमान कंपन्यांना दिलेल्या सवलतीला मुदत हवी

विमानतळावरच्या फलकावर एकाच उड्डाणापुढे तीन-चार वेगवेगळे क्रमांक आळीपाळीने झळकताना आपण पाहतो. विमान एकच असते, दारही एकच, तिकिटे मात्र निरनिराळ्या कंपन्यांच्या नावाने विकलेली असतात. याला कोडशेअर म्हणतात आणि तेवढ्याने कुणाचे फारसे बिघडत नाही. मला लिहायचे आहे ते त्याच्या पुढच्या पायरीविषयी. तिथे दोन प्रतिस्पर्धी कंपन्या भाडे किती ठेवायचे, कोणत्या मार्गावर किती उड्डाणे करायची आणि आलेला पैसा कसा वाटून घ्यायचा, हे एकत्र बसून ठरवतात. एरवी याला संगनमत म्हणतात आणि अमेरिकेत त्यासाठी माणसे तुरुंगात गेली आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गांवरील विमान कंपन्यांना मात्र तिथले परिवहन खाते स्पर्धा कायद्यातून रीतसर सूट देऊ शकते.

अशी पहिली मोठी सूट अमेरिकेची नॉर्थवेस्ट आणि नेदरलँड्सची केएलएम यांना १९९३ मध्ये मिळाली, ती अमेरिका आणि नेदरलँड्स यांच्यात १९९२ मध्ये झालेल्या ओपन स्काय करारापाठोपाठ, म्हणजे एकमेकांच्या विमान कंपन्यांवरचे मार्गांचे आणि उड्डाणांचे निर्बंध उठवणाऱ्या करारापाठोपाठ. तिच्यामागच्या युक्तिवादात तथ्य होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लहान शहरातून निघून वाटेत विमान बदलणाऱ्या प्रवाशाकडून दोन स्वतंत्र कंपन्या आपापल्या टप्प्यावर आपापला नफा वसूल करतात. दोघी एक होऊन विचार करू लागल्या की संपूर्ण प्रवासाचे भाडे उतरते.

खरी अडचण आहे ती ज्या दोन शहरांमध्ये दोघींचीही थेट विमाने आहेत तिथे. समजा, दोघींची विमाने संध्याकाळी अर्ध्या तासाच्या अंतराने सुटत होती आणि प्रवासी दोघींचे भाडे पाहून तिकीट काढत होता. सूट मिळाल्यावर एक विमान सकाळी हलवले जाते आणि प्रवाशांना वेळेची निवड वाढली, असे सांगितले जाते. ते खरेही असते, पण ज्याला संध्याकाळीच निघायचे आहे त्याच्यापुढे आता एकच विक्रेता उरतो आणि सकाळच्या विमानाचे भाडेही तोच ठरवतो. हा धोका सरकारला ठाऊक नव्हता असे नाही. १९९६ मध्ये युनायटेड आणि लुफ्तान्झा यांना सूट देताना शिकागो–फ्रँकफर्ट आणि वॉशिंग्टन–फ्रँकफर्ट या मार्गांवरचे काही प्रवासी तिच्यातून वगळले होते. २०१० मध्ये अमेरिकन एअरलाइन्स आणि ब्रिटिश एअरवेज यांना परवानगी देताना लंडनच्या हीथ्रो विमानतळावरचे काही स्लॉट, म्हणजे विमान उतरवण्याच्या व उडवण्याच्या ठरलेल्या वेळा, प्रतिस्पर्ध्यांना देण्याची अट घातली गेली.

माझा आक्षेप सूट देण्याला नाही, ती बेमुदत देण्याला आहे. अटलांटिकवरच्या जुन्या सवलतींना शेवटची तारीखच नाही, त्यामुळे परिस्थिती कितीही बदलली तरी ती बदलली आहे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर पडतो. याच्या उलट उदाहरण अमेरिकेची डेल्टा आणि मेक्सिकोची एरोमेक्सिको यांचे आहे. २०१६ मध्ये त्यांना पाच वर्षांचीच मुदत मिळाली आणि मेक्सिको सिटीच्या २४ व न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाच्या ४ स्लॉट-जोड्या (उतरण्याची एक व उडण्याची एक वेळ) सोडाव्या लागल्या. पुढे मेक्सिकोच्या सरकारने राजधानीच्या जुन्या विमानतळावरची ताशी उड्डाणे आधी ६१ वरून ५२ वर आणि नंतर ४३ वर आणली, शिवाय २०२३ मध्ये केवळ मालवाहू विमानांना तिथून बाहेर काढले. नव्या कंपनीला शिरायला जागाच उरली नाही, म्हणजे ज्या खुल्या बाजाराच्या भरवशावर सूट दिली होती तोच राहिला नाही. मुदत असल्यामुळे कंपन्यांना पुन्हा अर्ज करावा लागला, सगळा हिशेब उघडावा लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परिवहन खात्याने सूट संपवण्याचा आदेश काढला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि त्या आदेशाला स्थगिती मिळाली, हेही नोंदवले पाहिजे.

कंपन्यांचे म्हणणे असे, की विमाने आणि वेळापत्रके यांचे नियोजन वर्षानुवर्षांचे असते आणि डोक्यावर तारखेची टांगती तलवार असेल तर गुंतवणूक कोण करणार? मग पाच नाही, दहा वर्षे द्या. डेल्टा आणि दक्षिण अमेरिकेतली लॅटम यांना २०२२ मध्ये तशी मुदत दिलीच आहे. ऑस्ट्रेलियात तर क्वांटास आणि एमिरेट्स यांना २०१३, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा परवानगी घ्यावी लागली आणि त्यामुळे त्यांची भागीदारी मोडलेली नाही. जुन्या बेमुदत सवलतींनाही आता तारीख लावावी, आणि नूतनीकरणाच्या अर्जासोबत दोघींच्या थेट उड्डाणांच्या प्रत्येक मार्गावरचे आधीचे आणि नंतरचे सरासरी भाडे जाहीर करणे सक्तीचे करावे. ते आकडे कंपन्यांकडे आजही आहेत.