नखकात्रीचा निवाडा

परवा शेजारच्या आण्णांनी माझा महाराष्ट्र नखकात्रीनं कापला. अजून डोकं तापलेलंच आहे.

भाचीसाठी भारताच्या नकाशाचं जिगसॉ आणलं होतं. भाची दहा मिनिटांत मोबाइलला लागली आणि मामा फरशीवर पालथा. बेळगावचा जुलै म्हणजे चादरी दमट, पापड मऊ. तिथं पुठ्ठ्याचा काय पाड! बाकीची राज्यं कशीबशी बसली, पण महाराष्ट्र-कर्नाटक फुगून एकमेकांना ढुश्या देऊ लागले.

तेवढ्यात आण्णा आले. लुंगी, बगलेत पेपर, भूमापनातून निवृत्त.

"काय करूलालास रे?"

"तुकडा बसत नाही, आण्णा."

"मी छत्तीस वर्षं बांध मोजलो. जरा हिकडं, जरा तिकडं केल्याशिवाय कुठलाबी बांध बसत न्हाई."

"पुठ्ठा ओला आहे. वाळू दे."

"वाळेस्तोवर थांबायचं? १९५६ पासून थांबूलालोय की!"

असं म्हणत कनवटीतून नखकात्री काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चंदगडच्या अंगानं कचकच पाच घाव. कपचा माझ्या चहात.

"आण्णा, महाराष्ट्र कापलात!"

"मग काय कर्नाटक कापू? राहतोस कुठं तू?"

ह्या खेळाचा मूळपुरुष लंडनचा नकाशेवाला जॉन स्पिल्सबरी. १७६० च्या दशकात त्यानं फळीवर नकाशा चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून करवत फिरवली. म्हणे, पोरांना भूगोल कळावा. त्याला बेळगावचा जावई करायला हवा होता. इथं ह्या दोन राज्यांच्या सीमावादावर १९६६ साली महाजन आयोग नेमून झाला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि मी गेल्या महिन्यात एका खिडकीसमोर कन्नड फॉर्म उलटासुलटा धरून उभा. "मराठीत मिळेल का?" विचारलं, तर आतल्यानं मान वर केली नाही. बाहेर झाडाखालच्या माणसाला वीस रुपये देऊन भरून घेतला. त्यानं माझं आडनावही चुकवलं. कन्नड बोलता येतं हो मला, भाजी घेताना घासाघीससुद्धा त्यातच करतो. पण वीस रुपये कशाचे?

असो. तीन दिवसांनी ऊन पडलं. पुठ्ठा वाळला, आणि दोन राज्यांच्या मधोमध बोटभर फट. मी नकाशा उचलून कुंपणावरून आण्णांना दाखवला.

आण्णांनी पेपरातून डोकंही काढलं नाही.

"पाणी शिंपड की जरा. फुगतंय परत."