‘रस्टमध्ये लिहा, साइट दहापट धावेल’ हे खरं नाही

डेव्हलपरांच्या ग्रुपमध्ये एक दावा फिरतोय: ‘जावास्क्रिप्ट मुळातच स्लो. कोड रस्टमध्ये लिहून वेबअसेंब्लीत कंपाइल करा, साइट दहापट धावेल. फिग्माने करून दाखवलंय.’ वेबअसेंब्ली, म्हणजे रस्ट किंवा सी प्लस प्लस अशा भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवायचं बायनरी रूप, मला मनापासून आवडते. म्हणूनच नव्या मुलांचे महिने यात फुकट जाताना बघवत नाही.

आधी फिग्मा, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइनचं टूल. 2017 मध्ये त्यांचा लोड टाइम एक तृतीयांशावर आला, हे खरं. पण त्यांचा एडिटर आधीपासूनच सी प्लस प्लसमध्ये होता आणि एएसएम.जेएसमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्याच एका मर्यादित, वेगवान रूपात, कंपाइल होत होता. तेच वेबअसेंब्लीत गेलं आणि ब्राउझरला वाचायला हलकं झालं. हाताने लिहिलेल्या जावास्क्रिप्टशी त्याचा संबंधच नाही.

‘मुळातच स्लो’ याचं काय? 2018 मध्ये मोझिलाने सोर्स-मॅप (तयार कोडमधली जागा मूळ कोडमध्ये कुठे आहे, याचा नकाशा) लायब्ररीचा पार्सर, म्हणजे तो नकाशा वाचणारा भाग, रस्टमध्ये लिहिला, वेग 5.89 पटीपर्यंत गेला. मग व्ही8 या क्रोमच्या जावास्क्रिप्ट इंजिनावर पूर्वी काम केलेल्या व्याचेस्लाव येगोरोव यांनी जुनी जावास्क्रिप्टच प्रोफाइल केली, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजलं. बराच वेळ सॉर्टिंग खात होतं. मॅपिंग (नकाशातल्या नोंदी) ओळींच्या क्रमाने आधीच लागलेले, तरी अख्खा अ‍ॅरे पुन्हा सॉर्ट व्हायचा. त्यांनी एकेका ओळीपुरतं सॉर्टिंग ठेवलं, स्ट्रिंगऐवजी बाइट वाचले, आणि जावास्क्रिप्ट रस्टच्या जवळ जाऊन पोचली. पुढे त्याच सुधारणा रस्टमध्ये आल्यावर रस्ट पुन्हा पुढे गेलं, हेही सांगायलाच हवं. इंजिनाच्या खाचाखोचा माहीत नसतानाही रस्टमध्ये स्थिर वेग मिळतो, हा मोझिलाकडचा मुद्दा मला पटतो. पण आधी प्रोफाइलर उघडा.

आता ‘साइट’ या शब्दाकडे या. वेबअसेंब्लीला डॉमला (पानावरच्या घटकांच्या रचनेला) थेट हात लावता येत नाही, मध्ये जावास्क्रिप्ट लागतेच. स्ट्रिंग द्यायची तर ती यूटीएफ-8 एन्कोडिंगमध्ये बदलून वेबअसेंब्लीच्या स्वतःच्या लिनियर मेमरीत कॉपी करावी लागते. फॉर्म, याद्या, मेनू यांत हिशोब तोट्याचाच. फोटोवर फिल्टर, ऑडिओ, व्हिडिओ डीकोडिंग अशा आकडेमोडीत मात्र खरा फायदा आहे. तिथेही लूपमध्ये एकेक पिक्सेल पाठवू नका. अख्खा बफर एकदाच द्या आणि लूप वेबअसेंब्लीच्या आत फिरवा.

नुसतं कंपाइल करूनही भागत नाही. डीबग बिल्ड मोजून निराश होणारे खूप भेटतात. मोजायची ती रिलीज बिल्ड, म्हणजे ऑप्टिमाइझ केलेली. 128 बिटांचं सिम्ड (एकाच सूचनेत अनेक आकड्यांवर काम) रस्टमध्ये फ्लॅग देऊन चालू करावं लागतं. थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) हवे असतील तर सर्व्हरवर क्रॉस-ओरिजिन आयसोलेशनचे, म्हणजे पान इतर साइटींपासून वेगळं ठेवणारे, हेडर लावा. फाइल ‘अ‍ॅप्लिकेशन/वाझम’ या प्रकाराने जातेय ना, तेही तपासा, नाहीतर डाउनलोड होता होताच कंपाइल होण्याची सोय मिळत नाही.