चौथ्या सीटवरची करंगळी

"पाय थोडा ॲडजस्ट करून घ्या ना, मॅडम."

हे वाक्य मी लोकलमध्ये हजारदा ऐकलंय, चौथ्या सीटसाठी. तिथे निदान सरकवायला काहीतरी असतं. गेल्या रविवारी ठाण्यातल्या एका दुकानात ते माझ्या करंगळीला उद्देशून म्हटलं गेलं. बाहेर एप्रिलचं ऊन, आतला एसी "सांगितलंय मेकॅनिकला" या अवस्थेत, आणि माझ्या पायात एकावर एक दोन लोकरी मोजे नि वर बर्फातला बूट. चार बोटं कशीबशी आत बसली होती. करंगळी दारात लटकत होती.

माझा चवडा फावड्यासारखा आणि टाच मांजरीची. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा नंबर मोठा. लहानपणी कोल्हापुरी करून घ्यायला गेले, तेव्हा कारागिराने माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायला घेतली, मध्येच थांबला आणि शेजारी दुसरा कागद जोडला. आईला ही गोष्ट अजून चारचौघांत सांगायला आवडते.

सह्याद्रीत यामुळे कधी अडलं नाही. माहुली, नाणेघाट, हरिश्चंद्रगड, सगळं मी पुरुषांच्या आठ नंबरच्या स्वस्त ॲक्शन ट्रेकिंगवर केलं. तो बिचारा कापडी बूट, दोन ट्रेकमध्ये माझ्या पायाचा आकार घेतो आणि पाचव्या ट्रेकला फाटतो. बर्फातल्या बुटाला मात्र आकार घेणं माहीत नाही. क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, खाली बसावेत म्हणून त्याचा तळ फळीसारखा ताठ, बाहेर प्लास्टिकचं कवच, आत दुसरा मऊ बूट. घट्ट झाला तर रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि हिमदंशाची भीती. सैल झाला तर चढताना टाच उचलली जाऊन फोड, उतरताना नखं पुढे आपटून काळी.

हे मला पुस्तकात वाचावं लागलेलं नाही. गेल्या मे महिन्यात मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीक या हिमशिखराला गेले होते, ५,२८९ मीटर. मनालीत भाड्याचे बूट घेतले. युरोपी ४२ नंबरात चवडा जाईना, ४३ नंबरात टाच पोहायला लागली. "तिसरा मोजा घाला," दुकानदार म्हणाला. तिसरा मोजा घातल्यावर ४३ चा पुन्हा ४२ झाला. शिखराच्या खालूनच परत फिरले. दम शिल्लक होता, पाय संपले होते. घरी आल्यावर दोन नखं गळाली, आणि "होतं असं" म्हणणारी माणसं आठवडाभर भेटायला येत होती.

तर यंदा पुन्हा जाताना स्वतःचे बूट घ्यायचे ठरवलं. एका जोडीची किंमत आमच्या सोसायटीच्या वर्षभराच्या मेन्टेनन्सएवढी, तरीही.

दुकानात समोरच्या बाकावर एक काका बसले होते. काकू आत चालण्याचे बूट बघत होत्या आणि काकांकडे पिशवी सांभाळायचं काम होतं. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती. माझ्या तिसऱ्या जोडीपर्यंत त्यांनी कळ काढली. चौथ्या जोडीला उठले, पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि समोर उभे राहिले.

"उठा."

मी उठले. का, ते विचारू नका. कोथिंबीर छातीशी धरून उठले.

"चाला."

चालले.

"डुगडुगताय तुम्ही."

"काका, याचा तळ वाकत नाही. बर्फावर खाली क्रॅम्पॉन..."

"फौजेतला ॲमुनिशन बूट असाच असायचा. सहा महिने पाय रडणार, नंतर बूट रडणार. मी चौतीस वर्षं काढली ऑर्डनन्समध्ये, अंबरनाथला."

"तिथे बूट बनवायचे?"

"छे! मी हिशेबात होतो."

मग ते गुडघे टेकून खाली बसले आणि हापूस पिकलाय का बघतात तसा बुटाचा पुढचा भाग अंगठ्याने दाबायला लागले. कवच प्लास्टिकचं. बूट दबला नाही, काकांचा अंगठा वाकला.

"तुमचा अंगठा कुठाय?"

"आत आहे, काका."

"लागत नाहीये."

"मला लागतोय."

"ए बाळ," काका विक्रेत्याला म्हणाले, "काढ हे. यांचा पाय बघायचाय मला." आणि त्या मुलाने काढलाही! मी तासभर "एकदा माप घ्या हो" म्हणत होते तेव्हा हा इन्स्टाग्राम बघत होता. मोजेही निघाले. क्रॉक्स घ्यायला आलेला एक शाळकरी मुलगा त्याच्या आईसकट जवळ सरकला.

"अरे वा," काका म्हणाले, "दुसरं बोट मोठं! यजमान घरात फारसं बोलत नसतील."

"बोलतात की. बूट घेऊ नकोस म्हणतात."

शाळकरी मुलाची आई हसली. आपली गंमत दुसऱ्याने केलेली काकांना रुचली नसावी, कारण ते एकदम गंभीर झाले. "ताई, बासष्ट साली आपले जवान कॅनव्हासच्या बुटांवर बर्फात लढले. आणि तुम्हाला करंगळीचं पडलंय!"

दुकान गप्प झालं. अशा वाक्यापुढे कोण काय बोलणार? मी मान खाली घातली आणि माझ्या करंगळीकडे देशद्रोह्याकडे बघावं तसं बघितलं. उत्तर रात्री पाठ टेकल्यावर सुचलं. त्यांचीही बोटं गेली, काका. बूट धड नव्हते म्हणूनच गेली. पण तोवर काका ठाणे पूर्वेला पोचून, कोथिंबीर निवडून झोपलेही असतील.

मला सोडवलं काकूंनी. आतून आल्या, माझ्या मांडीवरची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकताय? ह्यांना स्वतःचा नंबर माहीत नाही. चाळीस वर्षं मीच आणतेय." मग त्यांनी विक्रेत्याला विचारलं, यांना लेडीजमध्ये रुंद काही दाखव ना.

"लेडीजमध्ये सातच्या वर येत नाही, काकू."

काकूंनी साडी वीतभर उचलली. खाली पुरुषांचे करडे सँडल होते. "मी तर कधीच तिकडच्या फळीवर गेले," त्या म्हणाल्या आणि काकांना घेऊन निघून गेल्या.

हसून सोडून दिलं असतं, पण मला खरंच राग येतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर फिरून लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले. निष्कर्ष असा, की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद आहेत. म्हणजे फावडं माझ्या एकटीचं नाही, राष्ट्रीय आहे. त्याच पाहणीतलं आणखी एक म्हणजे सरासरी भारतीय स्त्रीच्या पायाची वाढ अकराव्या वर्षी शिखर गाठते. माझ्या पायांनी शिखर तेव्हाच गाठलंय तर. राहिले ती मी. त्यावरून 'भा' नावाची खास भारतीय मापं सुचवली गेली. दुकानात मात्र अजून इंग्रजांचाच नंबर चालतो. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, पूर्वीच्या हिशेबाने जवाच्या एका दाण्याची लांबी. लांबीसाठी दाणा आहे. रुंदीसाठी आमच्या दुकानात कुणी एक तीळसुद्धा ठेवलेला नाही. मग पाय रुंद असेल तर मोठा नंबर घ्या, पुढे दोन बोटं रिकामी जागा ठेवा, आणि ती रिकामी जागा पायात घालून हिमालय चढा.

शेवटी त्यातल्या त्यात बरी अशी जोडी "आवडली नाही तर सात दिवसांत परत" या बोलीवर घरी आणली आणि सोमवारी स्टेशनाजवळच्या चप्पलवाल्याकडे नेली. त्याच्याकडे लाकडी कळबूत आहेत. माझे ऑफिसचे बूट त्यावर चढवून त्याने कितीदा तरी ताणून दिलेत. त्याने बूट हातात घेतला, उलटा केला, कवचावर टिचकी मारली.

"बाई, ही बादली आहे. बादली ताणत नाहीत."

मग माझ्या पायाकडे बघत म्हणाला, चप्पल मात्र फर्स्टक्लास करून देतो. कागद काढला. मी पाय ठेवला. पेन्सिल करंगळीपाशी आली आणि त्याने काही न बोलता दुसरा कागद घेतला.

बूट मंगळवारी परत केले. निघायला पाच आठवडे उरलेत. काल मनालीला फोन लावला. पलीकडून लगेच ओळखलं.

"हां दीदी, त्रेचालीस है ना. मोज़े ज़्यादा ले आना."