‘भाव कळला की पैसा आपला’ : त्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

गेला महिनाभर आमच्या पेठेतल्या ग्रुपवर, तालमीच्या ग्रुपवर आणि भाच्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. ‘सट्टा हा जुगार नाही, गणित आहे. भाव, लगाई-खाई, सेशन, मल्टी एवढं ज्याला कळलं तो हरत नाही,’ अशी सुरुवात. खाली सात नियम आणि शेवटी एक लिंक. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्कची कोटेशनं काढतो, बावीस वर्षं हेच काम. दरात नफा कुठं बसवतात हे रोज बघतो. हे शब्द सगळ्यांना कळावेत, हे मला मान्यच आहे. पण मेसेजमध्ये त्यांचे जे अर्थ दिलेत ते चुकीचे आहेत आणि त्या चुकांवर पोरं पैसे लावतायत. म्हणून एकेक नियम घेतो.

पहिला नियम : ‘१.८० भाव म्हणजे ८० टक्के चान्स.’

साफ चूक. १.८० चा अर्थ एवढाच, की १०० लावले आणि जिंकलात तर १८० हातात येतात आणि त्यात तुमचेच १०० असतात. नफा ८०. फोनवरचा बुकी ज्याला ‘८० पैसे’ म्हणतो तो हाच भाव, फक्त त्यात आपली रक्कम धरलेली नसते. इंग्लंडात हाच भाव ४/५ असा लिहितात, अमेरिकेत वजा १२५ असा, म्हणजे १२५ लावा तेव्हा १०० सुटतील. लिहायची पद्धत चार प्रकारची, रक्कम एकच. चान्स काढायचा असेल तर १ ला १.८० नं भागा, उत्तर ५५.५६ टक्के येतं. नऊ वेळा लावून पाच वेळा जिंकलात तर पाच वेळचे ४०० आले आणि चार वेळचे ४०० गेले. म्हणजे नुसती बरोबरी व्हायलाच नवातले पाच बरोबर यावे लागतात. ८० टक्के समजून लावणारा माणूस पहिल्याच पायरीवर फसलेला असतो.

आणि हा ५५.५६ सुद्धा खरा चान्स नसतो. दोन टीम अगदी तुल्यबळ असल्या तर दोन्हींचा भाव २.०० हवा. ॲपवर दिसतो १.९० आणि १.९०. दोन्हींचे टक्के काढा : ५२.६३ आणि ५२.६३. बेरीज १०५.२६. शंभराच्या वरचे हे सव्वापाच टक्के भाव ठरवणाऱ्या बुकीचे, सामना सुरू व्हायच्या आधीच त्यानं काढून ठेवलेले. आमच्या कोटेशनच्या कच्च्या कागदावर मटेरियल, मशीनचे तास, मजुरी, नफा अशा वेगळ्या ओळी असतात, पार्टीला दिसतो तो फक्त खालचा दर. भाव हाही तसाच खालचा दर आहे. तो नुसता वाचता आला म्हणून आतला नफा कमी होत नाही.

दुसरा नियम वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण त्यात आपल्या अभिमानाचाच वापर केलाय. ‘कोल्हापूरकराला फुटबॉल शिकवायला नको, टीम ओळखली की काम झालं.’

शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेल्या माणसाला खेळ कळतो, यात शंकाच नाही. पण फुटबॉलच्या भावाला तीन बाजू असतात : ही टीम, ती टीम आणि बरोबरी. २.१०, ३.३० आणि ३.४० असे भाव असतील तर टक्क्यांची बेरीज १०७.३३ होते, म्हणजे इथं बुकीची कापणी अजून मोठी. दुसरं म्हणजे ‘जिंकणं’ या शब्दाचा अर्थ. या तीन बाजूंच्या पैजेत निकाल धरतात तो ९० मिनिटं आणि वाया गेलेल्या वेळेची भरपाई एवढ्यावरच. जादा वेळ नाही, टायब्रेकर नाही. १८ डिसेंबर २०२२, कतारमधली वर्ल्डकप फायनल आठवा. ८० व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० नं पुढं, मग एम्बाप्पेचे लागोपाठ दोन गोल आणि ९० मिनिटांना २-२. जादा वेळेत ३-३, आणि पेनल्टींवर ४-२ नं अर्जेंटिना विश्वविजेती. त्या रात्री आमच्या गल्लीत फटाक्यांचा धूर होता, मेस्सीच्या कटआउटवर गुलाल पडत होता आणि शेजारचा एक पोरगा मोबाईल हातात धरून कठड्यावर बसला होता. त्यानं अर्जेंटिनावर २००० लावलेले, आणि स्क्रीनवर ‘हरला’ असं आलेलं. त्याला वाटलं ॲप बिघडलं. ॲप बिघडलं नव्हतं. त्या पैजेपुरता तो सामना बरोबरीत सुटला होता. टीम त्यानं अचूक ओळखली होती. ‘चषक कोण उचलणार’ ही पैज वेगळी असते आणि तिचा भावही वेगळा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि हा मेसेजही सांगत नाही.

तिसरा नियम : ‘सेशनमध्ये टीमशी देणंघेणं नाही, फक्त निरीक्षण हवं. येस किंवा नो. फिफ्टी-फिफ्टी.’

हे नीट वाचा, कारण इथं बरेच पैसे जातात. सेशन म्हणजे क्रिकेटमध्ये ठरावीक ओव्हरमध्ये किती धावा होतील यावरची पैज. सहा ओव्हरचं सेशन समजा ४८-५० निघालं. ‘येस’ म्हणणाऱ्याला मिळतो ५० चा आकडा, ‘नो’ म्हणणाऱ्याला ४८ चा. धावा ५० किंवा जास्त झाल्या तर येसवाला जिंकला. ४७ किंवा कमी झाल्या तर नोवाला. आणि ४८ किंवा ४९ झाल्या तर? दोघंही हरले. दोघांचे पैसे बुकीकडं. मधल्या दोन धावा त्यानं स्वतःसाठी राखून ठेवलेल्या असतात.

माझा भाचा एका दुपारी वर्कशॉपमध्ये आला आणि टेबलावर व्हर्नियरच्या शेजारी शंभर पानी वही ठेवली. प्रत्येक सेशन निळ्या शाईनं लिहिलेलं : तारीख, टीम, आकडा, येस का नो, किती धावा झाल्या. एकूण ४० नोंदी, प्रत्येकी १०००, जिंकलं तर तेवढेच वर. म्हणाला, “मामा, माझं कुठं चुकतंय ते काढा.” आम्ही दोघांनी पेन्सिलनं खुणा केल्या. १९ जिंकलेले, २१ हरलेले, २००० रुपये गेलेले. मग हरलेल्या २१ पैकी किती वेळा धावा मधल्या फटीत पडल्या ते बघितलं. तीन वेळा. त्या तीन बाजूला काढल्या तर १९ विरुद्ध १८. म्हणजे पोराचा अंदाज अर्ध्यापेक्षा जास्त वेळा बरोबर होता, आणि तरी तो तोट्यात होता. चूक त्याच्या निरीक्षणात नव्हतीच, त्या फटीत होती. तो बराच वेळ वहीकडं बघत राहिला.

चौथा : ‘लगाई आणि खाई दोन्ही करा, बुक सेट होतं, नुकसान अशक्य.’ लगाई म्हणजे टीम जिंकणार म्हणून लावणं, खाई म्हणजे ती हरणार म्हणून समोरच्याची पैज घेणं, आणि बुक सेट म्हणजे निकाल कोणताही लागो, तोटा नाही असा हिशेब. यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. फेव्हरिटचा भाव ८०-८२ असेल तर त्यावर लावणाऱ्याला ८० पैसे मिळतात, खाणारा ८२ पैशाचा धोका घेतो. एकाच भावाला हजाराची लगाई आणि हजाराची खाई केलीत, तर फेव्हरिट जिंकल्यावर २० रुपये जातात आणि हरल्यावर काहीच नाही. फट लहान आहे. पण फायदा व्हायचा तर आधी लावून नंतर भाव आपल्या बाजूनं फिरायला हवा. फिरला नाही तर बुक सेट होत नाही, मूळ पैज तशीच अंगावर राहते. आणि ॲपवरच्या १.९०-१.९० ला दोन्हीकडं हजार-हजार लावलेत, तर २००० देऊन १९०० परत येतात.

पाचवा, मल्टी. ‘पाच सामने जोडा, शंभराचे अडीच हजार.’ आकडा खरा आहे : १.९० ला पाच वेळा गुणलं की २४.७६ येतात, म्हणजे २४७६ रुपये. पण तुल्यबळ टीमचे पाचही अंदाज बरोबर येणं हे ३२ मध्ये एकदा, आणि त्याचा रास्त भाव ३२०० होतो. सुट्या पैजेत १०० मागं सरासरी ५ जात होते, जोडल्यावर साडेबावीसच्या वर जातात. कारण प्रत्येक सामन्याची कापणी पुढच्या कापणीवर चढते, चक्रवाढ व्याजासारखी. जाहिरातीत मल्टीच पुढं का करतात, ते यावरून कळेल.

सहावा : ‘हरलात तर डबल लावा, एकदा जिंकलं की सगळं वसूल.’ १०० पासून धरा. १००, २००, ४००, ८००, १६००, ३२००, ६४०० असे सात डाव हरलात की १२,७०० गेले. आठव्याला १२,८०० लावायचे, आणि जिंकलात तरी एकूण कमाई १०० रुपये. सलग सात हरणं म्हणजे १२८ मध्ये एकदा, तेही मधली फट न धरता. आयपीएलच्या २०२५ च्या मोसमात ७४ सामने होते. सामन्यामागं चार सेशन खेळणाऱ्याचे २९६ डाव होतात, म्हणजे अशी वेळ मोसमात येण्याचीच शक्यता जास्त.

सातवा : ‘घोड्यांची शर्यत कोर्टानं मान्य केलीय, मग हेही कौशल्यच, ॲप पूर्ण लीगल.’ १९९६ चा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल घोड्यांच्या शर्यतीपुरता होता. ऑनलाइन पैशाच्या खेळांसाठी संसदेनं २०२५ साली वेगळा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण लिंक पुढं ढकलताना आपण जाहिरात करतोय का, हा विचार ग्रुपवाल्यांनी करावा. फोनवरच्या बुकीला तर आपल्याकडं १८८७ पासूनचा जुगारबंदी कायदा लागू आहेच.

त्याच नियमात पुढं म्हटलंय, ‘पैसे नसले तरी चालतं, सोमवारी हिशेब.’ उधारीचा आकडा डोळ्यांसमोर नसतो, म्हणून तो वाढतो. पण देणं झालेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. ते पैसे वसूल करायला कुणाला कोर्टात जाता येत नाही. तुमचे अडकले तरी तुम्हालाही नाही. म्हणूनच वसुली दमदाटीनं होते, आणि दमदाटी हा गुन्हा आहे, तिची तक्रार देता येते. ॲपनं पैसे अडकवून फसवलं असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

वहीतले २००० ही फक्त वहीत लिहिलेली गोष्ट होती. न लिहिलेलं कितीतरी होतं, आणि त्यापोटी भाचा मोटारसायकल एकाकडं ठेवून आला होता. घरी सांगितलेलं, सर्व्हिसिंगला दिलीय. गेल्या आठवड्यात तो, त्याची आई आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन अर्ज देऊन आलो. वहीची झेरॉक्स सोबत जोडलीय. गाडी अजून आलेली नाही, अर्जाची पोच माझ्याकडं आहे.