नोकरी गेलेल्या माणसावर किती हसाल?

भुसावळात आमच्या टपरीवर दर रविवारी तेच. चहा यायच्या आत कोणीतरी मोबाईल पुढे करतो, "पाह्य भो, तुझा पोस्टेकोग्लू!" स्क्रीनवर तो फुटबॉल प्रशिक्षक मान खाली घालून उभा. की लागले सगळे खिदळायला.

अरे, आपण टॉटनहॅमवाले ना, तो ज्या इंग्लिश क्लबचा प्रशिक्षक होता त्याचे चाहते? 22 मे 2025 ची रात्र विसरलात? गच्चीवर सतरंज्या टाकून, त्या उकाड्यात साडेबाराला एका फोनभोवती आपण सहा जण. ब्रेनन जॉन्सनचा गोल, मँचेस्टर युनायटेडवर 1-0, युरोपातल्या क्लबांची युरोपा लीग स्पर्धा आपली! 17 वर्षांनी एक चषक. आज जो सगळ्यात जोरात दात काढतो, तोच तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता.

हो, त्याच हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 17 वे आलो, 22 सामने हरलो. तो राग मलाही आहे. पण नंतर ज्यांनी त्याला प्रशिक्षक म्हणून घेतलं, त्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबने दिवस किती दिले? 39! आठ सामन्यांत एकही विजय नाही, कबूल. पण हंगाम सुरू झाल्यावर संघ हातात आला, तोही मागे थांबून खेळायची सवय असलेला. याची बचावफळी तर पार मध्यरेषेपर्यंत चढते. केळी लावून घडासाठी वर्षभर थांबणारी माणसं आपण, आपल्याला हे कळू नये?

चेल्सीकडून 0-3 हरला आणि काही मिनिटांत त्याला नारळ दिला. धनत्रयोदशीची संध्याकाळ होती. दारात पणत्या लावायच्या सोडून आमच्या ग्रुपवर नुसत्या हसऱ्या इमोजी. ग्रुप म्यूट केलाय. आता तो फोटो परत पुढे आला, तर चहा तसाच ठेवून उठणार आहे.